टायरचे वय कोण मोजणार?

३० नोव्हेंबर २०१३. अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या उत्तरेस असलेल्या सांता क्लॅरिटा शहरात पोर्शे कंपनीची ‘कॅरेरा जीटी’ ही स्पोर्ट्स कार चालकाचा ताबा सुटून दिव्याच्या खांबावर व झाडांवर आदळली आणि पेटली. ‘फास्ट अँड फ्युरियस’ या चित्रपटमालिकेमुळे जगभर पोहोचलेला अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालविणारा त्याचा मित्र या दोघांचाही त्यात अंत झाला. वेगावर बेतलेल्या चित्रपटांचा नायक वेगानेच गेला, असा या घटनेचा अर्थ तेव्हा लावला गेला आणि तो चुकीचा नव्हता. परंतु तो पुराही नव्हता.

मार्च २०१४ मध्ये तपासाचे निष्कर्ष जाहीर झाले. ताशी ४५ मैल, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या त्या रस्त्यावर गाडी ताशी ८० ते ९३ मैल वेगाने, म्हणजे साधारण १३० ते १५० किलोमीटर वेगाने धावत होती. चालकाने मद्य वा अमली पदार्थ घेतलेले नव्हते. गाडीत यांत्रिक बिघाडही आढळला नाही. अपघाताचे कारण म्हणून तपास यंत्रणांनी अतिवेगावरच बोट ठेवले. त्याचबरोबर अहवालात एक नोंद होती : गाडीचे टायर नऊ वर्षांचे जुने होते आणि त्यामुळे गाडीच्या हाताळणीवर परिणाम झालेला असू शकतो.

सहाशेहून अधिक अश्वशक्तीची, ताशी ३३० किलोमीटरपर्यंत धावू शकणारी, जगात जेमतेम १,२७० तयार झालेली ही गाडी. तिच्या इंजिनाची, गिअरची, ब्रेकची निगा तज्ज्ञांकडून राखली जाते. ती रस्त्याला धरून ठेवणारी गोष्ट मात्र जन्मापासूनचीच राहून जाते. हा विरोधाभास केवळ एका अपघातापुरता किंवा केवळ धनिकांच्या छंदापुरता मर्यादित नाही. टायर कधी बदलावा आणि कोणता घ्यावा या प्रश्नाकडे वाहनमालक, विक्रेते आणि कायदा हे तिघेही ज्या पद्धतीने पाहतात, त्या पद्धतीचाच तो दोष आहे.

तीच गाडी, टायर नवे

या कथेला एक दुसरी बाजू आहे आणि ती २०२४ मधील आहे. पोर्शे आणि मिशेलिन या कंपन्यांनी बंद पडून बरीच वर्षे झालेल्या याच कॅरेरा जीटीसाठी ‘पायलट स्पोर्ट कप २’ हा टायर नव्याने विकसित केला. जर्मनीतील न्यूरबर्गरिंग या वीस किलोमीटरहून अधिक लांबीच्या, वळणावळणांच्या शर्यतमार्गावर योर्ग बेर्गमायस्टर या चालकाने या टायरवर ७ मिनिटे १२.६९ सेकंदांत फेरी पूर्ण केली. गाडी नवी असताना व्हाल्टर रोर्ल या नामवंत चालकाने नोंदविलेल्या वेळेपेक्षा ती सुमारे १६ सेकंदांनी कमी होती. चालक वेगळा होता, हे मान्य. तरीही वीस वर्षे जुन्या गाडीला आपल्याच ऐन उमेदीतील वेळ इतक्या फरकाने मागे टाकता येते, यात मोठा वाटा रबराचा आहे, इंजिनाचा नाही.

एकाच गाडीच्या या दोन घटना शेजारी ठेवल्या, की टायर या वस्तूचे खरे स्थान ध्यानात येते. इंजिनाने कितीही शक्ती निर्माण केली आणि ब्रेक कितीही उत्तम असले, तरी ती शक्ती आणि ते ब्रेक रस्त्यापर्यंत पोहोचतात ते प्रत्येक चाकाखालच्या तळहाताएवढ्या रबराच्या ठशातून. चार ठसे, एवढाच गाडीचा जमिनीशी संबंध. म्हणूनच वेगवान गाडीचे टायर हा तेल किंवा वायपरप्रमाणे अधूनमधून बदलण्याचा किरकोळ भाग मानणे ही मूलभूत चूक ठरते. टायर बदलला, की गाडीचा स्वभावच बदलतो.

बाजूच्या भिंतीवरची लिपी

ही निवड करताना लागणारी बहुतेक माहिती टायरच्या बाजूच्या भिंतीवर उमटवलेली असते. ती वाचण्याची सवय मात्र फार थोड्यांना असते. कॅरेरा जीटीच्या पुढच्या चाकांना २६५/३५ आर १९ आणि मागच्या चाकांना ३३५/३० आर २० या मापाचे टायर लागतात. पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदीचा, दुसरा बाजूच्या भिंतीच्या उंचीचे रुंदीशी असलेले टक्क्यांतील प्रमाण सांगणारा आणि तिसरा रिमच्या इंचांतील व्यासाचा. म्हणजे पुढच्या टायरच्या भिंतीची उंची जेमतेम ९३ मिलिमीटर. वळणावर गाडी डगमगू नये म्हणून ती इतकी कमी ठेवलेली असते. पण खड्ड्यात चाक आदळले, तर धक्का झेलायला रबर आणि हवा उरतेच किती, याचा हिशेबही याच आकड्यात आहे. महाराष्ट्रातील शहरी रस्त्यांवर अशा गाड्या फिरविणाऱ्यांना हा हिशेब अनुभवाने ठाऊक असतो.

मापानंतर येतो भारांक आणि वेगाचे अक्षर. भारांक ९१ असेल तर तो टायर ६१५ किलो भार पेलू शकतो, १०० असेल तर ८०० किलो. वेगाच्या अक्षरांत ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटर, ‘व्ही’ म्हणजे २४०, ‘डब्ल्यू’ म्हणजे २७० आणि ‘वाय’ म्हणजे ३००. ‘वाय’ कंसात असेल तर तीनशेच्याही पुढे. आपल्याकडील कोणत्याही महामार्गावर एवढ्या वेगाला परवानगी नाही, मग महागडे ‘वाय’ कशाला, असा युक्तिवाद दुकानात हमखास ऐकू येतो. तो फसवा आहे. वेगाचे अक्षर हे केवळ कमाल वेगाचे प्रमाणपत्र नसते. टायरचा सांगाडा किती उष्णता आणि किती ताण सहन करील, याचेही ते निदर्शक असते. जड, शक्तिमान गाडीला कमी दर्जाचे टायर लावले तर उत्पादकाने आखलेली सुरक्षिततेची मर्यादाच खाली येते.

याशिवाय अनेक टायरवर गाडीच्या उत्पादकाची खूण असते. पोर्शेसाठी ‘एन’ हे अक्षर व त्यापुढे आकडा, बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी ‘एमओ’, ऑडीसाठी ‘एओ’. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा आणि एकाच मापाचा टायरही या खुणेनुसार आतून वेगळा असू शकतो; रबराचे मिश्रण आणि सांगाड्याचा कडकपणा त्या त्या गाडीसाठी जुळवलेला असतो. ही खूण नसलेला टायर वाईटच असतो, असे नव्हे. मात्र पुढे एक खूण, मागे दुसरी, किंवा डावीकडे एका कंपनीचा आणि उजवीकडे दुसऱ्या कंपनीचा, अशी सरमिसळ वेगवान गाडीला मानवत नाही. चारही चाकांना शक्ती पुरविणाऱ्या गाडीत झिजलेल्या आणि नव्या टायरच्या घेरातील थोडासा फरकही यंत्रणेवर सतत ताण आणतो. मागच्या चाकांना शक्ती असलेल्या गाडीत मागचे टायर आधी झिजतात आणि पैसे वाचविण्यासाठी तेवढेच, मिळेल त्या कंपनीचे बदलले जातात. मग गाडीचा तोल वळणावर कुठे सुटेल, हे चालकालाही सांगता येत नाही.

सर्वांत चिकट म्हणजे सर्वोत्तम?

स्पोर्ट्स कारच्या मालकाला सर्वांत मोठा मोह असतो तो सर्वाधिक पकड असलेल्या टायरचा. शर्यतमार्गासाठी घडविलेल्या, पण रस्त्यावरही वापरण्यास परवानगी असलेल्या टायरांचा एक वर्गच आहे. पायलट स्पोर्ट कप २ त्यातलाच. या टायरांचे रबर मऊ, नक्षीतील खाचा कमी आणि आयुष्य थोडे. अमेरिकी पद्धतीच्या झीज-अंकात मिशेलिनच्या पायलट स्पोर्ट ४ एस या रस्त्यासाठीच्या टायरला ३०० अंक आहेत, तर कप २ ला १८०. अंक जितका कमी, तितकी झीज लवकर.

कोरड्या, तापलेल्या मार्गावर असे टायर अद्वितीय ठरतात. परंतु पाण्यावर खाचाच चाकाखालचे पाणी बाहेर फेकतात. खाचा कमी आणि टायर रुंद, की चाक पाण्याच्या थरावर तरंगू लागण्याचा धोका वाढतो. त्या क्षणी सुकाणू आणि ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. जून ते सप्टेंबर धो धो पाऊस झेलणाऱ्या मुंबई, कोकण किंवा घाटमाथ्यावरील रस्त्यांसाठी निवड करताना हा मुद्दा निर्णायक ठरावा. न्यूरबर्गरिंगवरचा विक्रम खंडाळ्याच्या घाटातील जुलैच्या संध्याकाळी कामास येत नाही. वर्षातून दोनदा शर्यतमार्गावर जाण्यासाठी वर्षभर तसेच टायर लावून फिरणे म्हणजे सणाच्या जरीच्या वस्त्रात शेतात उतरण्यासारखे आहे. ज्याला दोन्ही हवे, त्याने चाकांचे दोन संच ठेवावेत. ते न परवडणाऱ्याने रस्त्यासाठीचा उत्तम टायर घ्यावा, हेच व्यवहार्य.

न धावलेल्या गाडीचे दुखणे

माप, भार, वेग, खूण आणि प्रकार या पाच कसोट्या पार केल्यानंतरही सहावी राहते आणि नेमकी तीच दुर्लक्षित असते. ती म्हणजे वय. टायरवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ३५१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या ३५ व्या आठवड्यात तयार झाला. दुकानात तो कितीही नवा, चकचकीत दिसला तरी त्याचा जन्म हाच.

रबर वापरले नाही म्हणून टिकत नाही. हवेतील प्राणवायू आणि ओझोन यांच्या संपर्काने ते हळूहळू कडक होत जाते. उष्णता ही क्रिया वेगाने पुढे नेते. याला अटकाव करण्यासाठी रबरात संरक्षक द्रव्ये मिसळलेली असतात. टायर फिरतो, वाकतो, तेव्हा ती पृष्ठभागाकडे येत राहतात. गाडी महिनोन् महिने उभी राहिली, तर हे संरक्षणही क्षीण होते. म्हणजे स्पोर्ट्स कारचे दुखणे उलटेच आहे. ती फार धावत नाही, म्हणून नक्षी शाबूत राहते. नक्षी शाबूत, म्हणून मालक निर्धास्त राहतो. आणि तोवर आतले रबर पकड गमावून बसलेले असते. साध्या गाडीचा टायर झिजून मरतो, हौसेच्या गाडीचा उभ्या उभ्या म्हातारा होतो.

पोर्शेच्या मालकपुस्तिकांत सहा वर्षांहून जुने टायर वापरू नयेत, असे बजावलेले आढळते. मिशेलिनचा सल्ला असा, की पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर टायर कसाही दिसत असला तरी बदलावा. या मर्यादा भिन्न आहेत, कारण वेगवान गाडीला जी पकड लागते ती साध्या गाडीला लागत नाही. परंतु दोन्हींचा गाभा एकच : डोळ्यांना दिसणाऱ्या नक्षीवर विसंबू नका.

कायद्याची फूटपट्टी

कायदा मात्र नक्षीवरच विसंबतो. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरवरील खाचांची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. वयाची अट नाही. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तिच्या नूतनीकरणापर्यंत खासगी गाडीला योग्यता तपासणी करून घ्यावी लागत नाही. म्हणजे दशकभर तेच टायर घेऊन फिरणाऱ्या गाडीला अधिकृतपणे कोणी विचारणारच नाही, अशी व्यवस्था आहे. अमेरिकेतही वयाची केंद्रीय कायदेशीर मर्यादा नाही, हे येथे नमूद करावयास हवे. वॉकर प्रकरणातील नऊ वर्षांचे टायर म्हणूनच तपासात नोंद ठरले, गुन्हा नव्हे.

ब्रिटनने या बाबतीत एक पाऊल पुढे टाकले, पण त्यासाठी मोठी किंमत मोजली. सप्टेंबर २०१२ मध्ये एका संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या तरुणांची बस सरे परगण्यात अपघातग्रस्त होऊन तिघे मरण पावले. बसच्या पुढच्या चाकाचा फुटलेला टायर १९ वर्षांहून जुना निघाला. मृतांपैकी एका तरुणाच्या आईने त्यानंतर वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून तेथे मालमोटारी आणि बसगाड्यांच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुने टायर लावण्यास बंदी आली. खासगी मोटारी या बंदीतून वगळलेल्या आहेत. तरीही टायरचे वय हा कायद्याने मोजण्याचा विषय आहे, हे तत्त्व तेथे मान्य झाले.

भारतातील धोरणाचा प्रवास वेगळ्या दिशेने झाला. २००९ च्या आदेशाने टायरसाठी भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन सक्तीचे करण्यात आले. १२ जून २०२० रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने मोटारींसह अनेक वाहनांच्या नव्या टायरांची आयात ‘मुक्त’ यादीतून काढून परवान्याच्या कक्षेत आणली. २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ओल्या रस्त्यावरील पकड, गडगडण्याचा विरोध आणि आवाज यांचे निकष अधिसूचित केले. यांपैकी पहिले आणि तिसरे पाऊल निःसंशय स्वागतार्ह. दुसऱ्यामागेही देशी उद्योगाला बळ देण्याचा रास्त हेतू होता आणि देशी उद्योगाने त्यास प्रतिसादही दिला. अपोलो टायर्सने २०२१ मध्ये व्रेडेस्टाइन ही आपली युरोपीय नाममुद्रा महागड्या मोटारींसाठी भारतात आणली, हे त्याचेच उदाहरण.

परंतु स्पोर्ट्स कारच्या बाबतीत गणित निराळे पडते. एखाद्या विशिष्ट गाडीसाठी, विशिष्ट खुणेचा, ३३५ मिलिमीटर रुंदीचा टायर भारतात तयार करणे कोणत्याही कारखान्याला परवडणारे नाही. देशभरात त्याची मागणीच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तो बाहेरूनच यावा लागतो. परवाना आणि प्रमाणन यांच्या वाटेने थोडक्या संख्येचा माल आणणे व्यापाऱ्याला जिकिरीचे होते. अशा वेळी मालकापुढे चारच वाटा उरतात : वाट पाहत जुनेच टायर वापरणे, गोदामात पडून राहिलेला माल ‘नवा’ म्हणून घेणे, मापाशी तडजोड करणे, किंवा बिनपावतीच्या मार्गाने आलेला माल स्वीकारणे. चारही वाटा सुरक्षिततेच्या विरुद्ध दिशेने जातात. गुणवत्ता राखण्यासाठी उभारलेल्या भिंतीमुळे जुना टायर अधिक काळ रस्त्यावर राहणार असेल, तर अशा अल्पसंख्य मापांसाठी त्या भिंतीत एक नियमबद्ध दरवाजा ठेवण्याचा विचार व्हावयास हवा.

प्रश्न मूठभरांचा नाही

कोट्यवधींच्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या टायरची चिंता इतरांनी का वाहावी, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे पहिले उत्तर असे, की ताबा सुटलेली गाडी समोरच्याचे उत्पन्न विचारत नाही. दुसरे उत्तर अधिक जवळचे आहे. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिकच्या गृहसंकुलांतील वाहनतळांवर रविवारपुरत्या बाहेर निघणाऱ्या असंख्य साध्या मोटारी उभ्या असतात. मालक रोज लोकलने किंवा मेट्रोने जातो. गाडी सुट्टीत गावी जाण्यासाठी. तिचे टायर ‘गोटा’ झालेले नसतात, नक्षी ठळक दिसते. वय मात्र सात-आठ वर्षे झालेले असते. मग दिवाळीत किंवा मे महिन्यात चौघांचे कुटुंब आणि सामान घेऊन हीच गाडी थेट द्रुतगती मार्गावर उतरते.

समृद्धी महामार्गाने या प्रश्नाची चुणूक दाखविली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाल्यानंतर ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेल्या या सरळ, सिमेंटच्या मार्गावर टायर फुटून होणारे अपघात चर्चेत आले. २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशद्वारांवर टायरची तपासणी सुरू केली. झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठविण्यात आल्या. ही कृती योग्यच होती. मात्र तेथेही पाहिली गेली ती प्रामुख्याने झीज. गाडी परत पाठविताना टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचण्यास आणखी अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागला नसता.

उपाय खर्चिक नाहीत. टायरच्या पावतीवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष लिहिणे विक्रेत्यास बंधनकारक करता येईल. प्रदूषण चाचणीच्या निमित्ताने गाडी ठरावीक काळाने केंद्रावर जातेच. तेथे टायरची खोली आणि वय यांची नोंद त्याच कागदावर घेता येईल. वापरलेल्या गाडीच्या खरेदी-विक्रीत किलोमीटरइतकेच टायरच्या वयालाही स्थान देता येईल. यांपैकी कशासाठीही नवी यंत्रणा उभारावी लागत नाही. आणि शासन हे करीपर्यंत मालकाला कोणी अडविलेले नाही. चाकापाशी खाली वाकून चार आकडे वाचण्यासाठी कोणत्याही परवान्याची गरज पडत नाही.

सांता क्लॅरिटातील त्या गाडीच्या टायरवरही ते आकडे होते. अपघातानंतर तपास अधिकाऱ्यांनी ते वाचले. त्याआधी कोणी ते वाचून टायर बदलले असते, तरी त्या वेगात दोन जीव वाचलेच असते, असे ठामपणे कोणी म्हणू शकणार नाही. पण चुकलेल्या वेगाला सावरण्याची जी काही संधी गाडी चालकाला देऊ शकते, ती शेवटी रबराच्या त्या चार ठशांतूनच मिळते. नऊ वर्षांत ती संधी किती उरली होती, हे मोजण्याची वेळ तपासणीच्या दिवशी आली. ती खरेदीच्या आणि देखभालीच्या दिवशी यावयास हवी.